ज्याची बायको आली, त्याचं गाणं गेलं

आमच्या हुडको वसाहतीतल्या घरी परवा नातीनं टीव्ही बंद केला आणि जाहीर केलं, की त्या गाण्याच्या स्पर्धेत आता काही दम राहिला नाही. पूर्वीसारखे गाणारे येत नाहीत, परीक्षक गाणं सुरू व्हायच्या आधीच डोळे पुसतात, आणि गाण्यापेक्षा गाणाऱ्याच्या गरिबीची हकिकत लांब असते. शिवाय, ‘आजोबा, तुम्हाला यातलं नाही समजणार,’ असंही ती म्हणाली. मी चहा पीत राहिलो. अशी स्पर्धा कशानं खंगते हे मला चांगलं समजतं. टीव्ही कोणी पाहिलाही नव्हता आणि भिलाईत पोलाद कारखान्याच्या भट्ट्यांच्या आधी नुसते खड्डेच दिसत होते, त्या काळात अशीच एक स्पर्धा मी डोळ्यांदेखत खंगताना पाहिली आहे. तिच्यावर माझं पोट होतं, म्हणून मी तिची नाडी सारखी बघत असे. आईच्या दुखण्यात माणूस घाबरतो, तसा मी त्या स्पर्धेच्या दुखण्यात घाबरलेला होतो.

मी माईकवाला. वर्धेकडचा. सातवीत गणितानं माझ्यासाठी दार लावून घेतलं, ते मी पुन्हा वाजवलं नाही. नागपूरचे एक नानाजी होते, त्यांचा लग्नामुंजीत लाऊडस्पीकर लावायचा धंदा. कारखाना उभा राहतोय, तिथं माणसं जमतात, आणि माणसं जमली की कोणीतरी भाषण करतंच, या हिशेबानं ते आपली आवाज वाढवणारी पेटी घेऊन भिलाईला आले. येताना मला घेऊन आले. का आणलं, ते मला आजवर कळलेलं नाही. माझ्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. पण त्यांनी जेवू घातलं, आपल्या खोलीत झोपायला जागा दिली, हाताला काम दिलं. आजही नानाजींचं नाव निघालं की मी बसलेला उठतो, आणि घरचे हसतात.

लोकांना वाटतं, माईकवाल्याचं काम म्हणजे ‘हॅलो, हॅलो’ म्हणणं. ते तर कोणीही म्हणतं, आणि अडवलं नाही तर म्हणतच राहतं. खरं काम पेटीपाशी. तेव्हाच्या पेटीत काचेचे व्हॉल्व्ह असत, विजेच्या दिव्यासारखे. ते लाल होऊन गरम झाल्याशिवाय आवाज निघत नसे, आणि पुढारी कितीही मोठा असला तरी त्याला तोवर थांबावं लागे. कर्णे नेहमी माईकच्या पुढे बांधायचे. कर्ण्याचा आवाज परत माईकमध्ये शिरला, की अशी शिट्टी बसते की पहिल्या रांगेतली माणसं कान धरून उठतात. आणि गाणाऱ्यांचे दोन प्रकार. लाजरा माईक गिळायला जातो, फुशारकीवाला दोन हात लांब उभा राहतो. नानाजींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, ‘पाह्य वसंता, गाणारा वर चढला का आपण खाली उतराचं, अन् तो खाली आला का आपण वर. त्याले समजलं नाही पाहिजे.’ मी आयुष्यभर तेच केलं. पेटीच्या बटणावरून हात काढला नाही.

स्पर्धा कॅम्पातल्या मैदानात, दर शनिवारी संध्याकाळी. तेव्हा कॅम्प म्हणजे पत्र्याच्या शेडांच्या रांगा आणि त्यात कोंबलेले पुरुष. आंध्रातले, केरळातले, पंजाबातले, बंगाली, बिहारी, उतईकडून सायकलीवर येणारे छत्तीसगढी, आणि आमच्या नागपूर बाजूचे रेल्वेवाल्यांची पोरं. बाई औषधाला नाही. संध्याकाळी काम सुटलं, की या माणसांना करायला काही नसे. कोणी कपडे धुवत गाई, कोणी बिडी ओढत गाई. त्यातून स्पर्धा निघाली. परीक्षक नेमायची सोय नव्हती, कारण सगळ्या भाषा कळणारा माणूस जन्मला नव्हता. मग मंडळींनीच रीत पाडली. सगळे मेसमध्ये जेवायला जाण्याआधी ताटली-मग घेऊन मैदानात येत. गाणं आवडलं, की मगानं ताटली बडवायची. ज्याच्या गाण्यावर ताटल्या जास्त वाजतील, तो पहिला. निकाल कुंपणापाशी उभं राहून देशकर साहेब देत. हे प्लॅनिंगमधले अधिकारी, अमरावतीचे, स्पर्धेचे सेक्रेटरी. ते हात पाठीशी बांधून डोळे मिटून ऐकत, जणू काही ताटल्यांमधून पंचम लागतोय.

बक्षीस जस्ताची बादली. हसू नका. कॅम्पात नळ आला की घटकाभरात जायचा, आणि बादली असलेला माणूस म्हणजे बागायतदार.

आमचा सगळ्यात मोठा बागायतदार रामलू. वरंगलकडचा, उंचावर चढून लोखंडी गर्डर जोडणारा. त्याचं एकच गाणं होतं, तेलुगू. एक लांबलचक हाक, मग थोडी गडबड, मग पुन्हा हाक. कोणाला एक अक्षर कळत नसे, आणि मैदानातला प्रत्येक माणूस नाक ओढत असे. मला त्यात माझी आई ऊन उतरल्यावर दारात उभी दिसे. नानाजींसारखा कोरडा माणूस पेटीवरची धूळ पुसायला वाकायचा आणि बराच वेळ वाकलेलाच राहायचा. रामलूच्या खाटेखाली बादल्यांची चळत लागली होती.

एकदा एक रशियन इंजिनिअर गायला. दारातून जाता जाता शिरला, दुभाष्या मागे धावत आला. त्याचा आवाज इतका खालचा, की मी बटण उतरवायच्या आत एका कर्ण्याचा पडदा फाटला. तो फाटका कर्णा पुढं सगळं गाणं फर्रफर्र करत होता आणि लोकांना वाटलं हीच रशियन पद्धत. ताटल्या अशा वाजल्या की दोन जणांच्या चेपल्या. रशियन साहेब बादली कोपरात अडकवून, डौलात, मोटारीत बसून गेला. नानाजी फाटक्या पडद्याकडे बघत म्हणाले की आपल्या पेटीनं परदेशी माणूस सोसला हेच पुष्कळ.

मग सेक्टरमधली कुटुंबवाल्यांसाठीची क्वार्टर्स बांधून झाली.

पहिली बायको रामलूची आली. नागम्मा तिचं नाव, कडेवर छोटी पोरगी. खाटेखालची चळत पाहून तिनं विचारलं, की तू कारखान्यात कामाला आहेस का पाणी भरायला. हे रामलूनंच सांगितलं, हसत हसत. त्या शनिवारी तो गायला उभा राहिला आणि नागम्मा पुढे बसलेली. त्यानं हाक घातली, ती मध्येच तुटली. पुन्हा घातली, पुन्हा तुटली. तो ओशाळून उतरला. कोणीतरी नागम्माला त्या गाण्याचा अर्थ विचारला. ती म्हणाली, ज्वारीवरची पाखरं हाकलायचं गाणं आहे, आमच्याकडे पोरं म्हणतात. इतके दिवस मैदानभर माणसं पाखरं हाकलण्यावर रडत होती.

मी नंतर रामलूला गाठलं. पुढच्या शनिवारी तरी गा म्हणून विनवलं. तो आपली पोरगी खांद्यावर घेऊन उभा होता. म्हणाला, ‘वसंता भाई, गाना निकलता नहीं। किसको बुलाऊँ? सब इधर आ गया।’



त्यानंतर एकामागून एक. ज्याची बायको आली, त्याचं गाणं गेलं. पंजाबी फोरमनची आली, त्याचे टप्पे गाणं बंद. बंगाली ड्राफ्ट्समनची आली, तो तर मैदानावरून जाताना ओळखही दाखवेना. गाणारे गेले, मग ऐकणारे गेले. घरी गरम जेवण असताना ताटली घेऊन धुळीत कोण बसतो? दुर्ग स्टेशनावर कुठली बाई ट्रंक घेऊन उतरताना दिसली, की मी मनातल्या मनात आणखी एक गाणारा वजा करी. सगळी भिलाई नव्या संसारांनी हरखलेली, आणि मी एकटा क्वार्टर मिळणाऱ्यांची यादी सुतकी तोंडानं वाचत असे.

देशकर साहेबांनी रोगावर औषध काढलं. त्यांना जगात एकच औषध माहीत होतं, टार्गेट. कारखान्यात सगळं टार्गेटवर चालतं, मग गाणं का नाही? त्यांनी फर्मान काढलं की प्रत्येक खात्यानं दर आठवड्याला एक कलाकार पाठवलाच पाहिजे. आता खात्यातून कोणाला पाठवतात? ज्याच्यावाचून काम अडत नाही त्याला. त्यामुळे कारखान्यातल्या एकूण एक निरुपयोगी माणसांची ओळख मला त्या काळात झाली. स्टोअरचा एक कारकून चाल लावून खिळ्यांचे प्रकार म्हणून गेला. आणि एका शनिवारी फाउंड्रीतून एक दांडगा बिहारी आला, तिवारी म्हणून. माईकसमोर सावधान उभा राहिला. मी बटण वर केलं. आवाज नाही. आणखी वर केलं, त्याचा श्वास सगळ्या कॅम्पाला ऐकू येऊ लागला. शेवटी मी पेटीमागून हळूच म्हणालो, दादा, गाओ ना.

‘गाना नहीं आता,’ तो माईकमध्येच म्हणाला. ‘मेरी ड्यूटी इधर लगी है।’

आणि नेमून दिलेला वेळ संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला. जेवढी माणसं होती, त्यांनी ताटल्या बडवून मैदान डोक्यावर घेतलं. देशकर साहेबांनी डोळे मिटून ऐकलं आणि नियमाप्रमाणे पहिलं बक्षीस त्याला दिलं. बादली घेऊन तो सलाम ठोकून गेला. नानाजी मला म्हणाले, ‘वसंता, आता हे उठत नाही बावा. हे मेलं.’

दसऱ्याच्या सुमाराला साहेबांनी सांगून टाकलं. दिवाळीपर्यंत मैदान भरलं तर ठीक, नाहीतर कार्यक्रम बंद, पेटीचं भाडं बंद. नानाजींनी मला समोर बसवलं. शनिवार गेला तर भिलाईत राहणं त्यांना परवडत नव्हतं. नागपुरात धंद्याला त्यांचे दोन पुतणे होतेच, तिसऱ्याची जागा नव्हती. ते बोलताना माझ्याकडे पाहत नव्हते.

‘तुले मी काही वाऱ्यावर सोडून नाही राहिलो,’ ते म्हणाले. ‘घरी जा. मोठा मामा आहे ना तुहा?’

मोठा मामा होता. त्याच्याकडे सहा म्हशी होत्या आणि माझी वाट पाहत असलेली काठी. आणि आईनं गावात सांगून ठेवलं होतं, की माझा वसंता एका जागी बसून सगळ्या कारखान्याशी बोलतो. मी ‘हाव’ म्हणालो. त्या माणसानं मला इतकं दिलं होतं, त्याच्याशी हुज्जत कशी घालणार?

कोजागिरीला शनिवार आला. देशकर काकू, म्हणजे साहेबांच्या मिसेस, तोवर अमरावतीहून आल्या होत्या. त्यांनीच साहेबांना सुचवलं, की पुरुषांचे गळे सुकले असतील तर बायकांना बोलवा. साहेबांना वाटलं, प्रत्येक क्वार्टरमागे एक कलाकार, टार्गेट दुप्पट. मी सकाळपासून तारा तपासत होतो. मला धास्ती घ्यायला तसं कारण लागत नाही, त्या दिवशी तर होतं.

उजेड असतानाच बायका आल्या, आणि इतक्या आल्या की मला आधी कुठं काही पेटलंय का असं वाटलं. कडेवर पोरं, मागे नवरे. मैदान भरलं. साहेबांचा चेहरा फुलला. त्यांनी माईकवरून पहिलं नाव पुकारलं आणि पहिली बाई दुसरीच्या मागे लपली. दुसरं नाव पुकारलं, ती सरळ घराकडे चालू लागली. शेवटी साहेबांनी काकूंचंच नाव घेतलं. काकू जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, ‘मी काय तमाशातली हाये का, नाव पुकारून नाचवाले? आमी आमचं इथंच म्हणतो.’

नागपूर बाजूच्या बायकांनी भुलाबाई आणली होतीच. शंकर-पार्वतीची मातीची जोडी पाटावर मांडली आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला फेर धरून गाणी सुरू केली. नागम्मा थोडा वेळ बघत राहिली. तिच्याकडे नवरात्रात फुलं रचून त्याभोवती असंच टाळ्या देत फिरतात. ती पदर खोचून फेरात शिरली. उतईकडच्या बाया दिवाळीत सुव्याभोवती, म्हणजे मातीच्या पोपटाभोवती फिरतात, त्या शिरल्या. शब्द जिचे तिचे, टाळी मात्र सगळ्यांची एकाच जागी पडत होती. असा ताल मी त्या मैदानात कधी ऐकला नव्हता. आणि माझी पेटी या टोकाला, माईक रिकामा, कर्णे नुसते घूं करत होते.

फेरातून एक निरोप आला. देशकर साहेब माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘ते घूं घूं बंद कर रे. बायकांले त्रास होऊन राहिला.’

मी बटण बंद केलं. पेटीचा लाल दिवा गेला. मैदान भरलेलं होतं, अगदी साहेबांनी मागितलं होतं तसं, आणि त्याला माझी गरज नव्हती. स्पर्धा तिथंच संपली, कोणाच्या लक्षातही आलं नाही. नानाजी तार गुंडाळू लागले. मी माईक स्टँडवरून काढला आणि फडक्यात बांधला. रामलूची ती हाक आता आपल्याला पुन्हा ऐकायला मिळणार नाही, एवढंच मनात येत होतं. मिळालीही नाही.

तेवढ्यात रामलूच धावत आला. तोंड पांढरं पडलेलं. बायकोनं पोरगी त्याच्याकडे दिली होती, त्यानं बिडी पेटवायला तिला खाली ठेवलं, आणि ती नाही. मैदानाच्या मागं इमारतींच्या पायासाठी खणलेले चर उघडे पडलेले होते. नागम्माला सांगायची त्याची छाती नव्हती.

‘पुकारो भाई, जल्दी पुकारो,’ तो म्हणाला.

नानाजींनी गुंडाळलेली तार तशीच फेकली. मी फडकं सोडलं, माईक जोडला, बटण दाबलं. आणि व्हॉल्व्ह थंड. ते काचेचे दिवे लाल व्हायला जो वेळ लागला, तसा लांब वेळ मी नंतर कुठं पाहिला नाही. रामलू पेटीवर हात ठेवून उभा होता, जणू त्याच्या हातानंच ती तापणार होती. मग कर्ण्यात खरखर आली. मी पुकारलं, हिंदीत, जसं सुचलं तसं. तीन वर्षांची पोरगी, पिवळा झगा, तेलुगू बोलते, कोणाला दिसली तर पेटीपाशी आणा.

फेर थांबला नाही. पण कडेनं उभे असलेले नवरे आपापल्या पायांशी बघू लागले, आणि मग एकच पळापळ झाली. बायका गाण्यात होत्या, बाप लोक गप्पांत, आणि पोरं कुठंच नव्हती. जो तो दिसेल ते पोर उचलून माझ्याकडे आणू लागला. घटकाभरात पेटीपुढे दहा-बारा रडकी पोरं उभी राहिली, प्रत्येक जण निराळ्या भाषेत. मी एकेकाला माईकपाशी उचलून नाव विचारू लागलो. एक सरदारजींचं पोर नाव सांगायच्या ऐवजी माईक चाटू लागलं. पिवळा झगा मात्र दिसेना. रामलू खाली बसला होता.

आणि चरांच्या बाजूनं तिवारी येताना दिसला. तोच, फाउंड्रीचा. पोरगी त्याच्या खांद्यावर, झग्याला चिखल, हातात त्याची मिशी. त्यानं तिला माझ्याकडे दिलं. मी तिला माईकसमोर धरलं. ती त्या जाळीकडे बघत राहिली. मी बटण वर केलं, आणखी वर. आणि तिनं सगळ्या कॅम्पावर हाक मारली,

‘अम्मा.’

एवढीच. फेर जागच्या जागी थांबला. नागम्मा तर धावलीच, पण तिच्यामागे सगळ्या. मराठी, पंजाबी, बंगाली, छत्तीसगढी, ज्यांची पोरं त्यांच्या कडेवर होती त्यासुद्धा. सगळा फेर तसाच्या तसा उठून माझ्या पेटीवर आला. भुलाबाई मागे पाटावर एकटी राहिली. इतक्या शनिवारांत कुठल्याच गाणाऱ्यानं मैदान असं उठवलं नव्हतं. तिवारी बाजूला सावधान उभा होता. रामलू पोरीला छातीशी धरून काहीतरी पुटपुटत होता, आणि नागम्मा एका हातानं पोरीला कुरवाळत दुसऱ्या हातानं त्याला मारत होती.

देशकर साहेब पोरं मोजत होते. मी म्हणालो, साहेब, ही हरवलेली आहेत. ते म्हणाले, माईकवर आवाज आला की नाही? मग कलाकार. टार्गेट झालं.

काकू घाम पुसत पेटीपाशी आल्या. त्यांनी त्या लाल काचांकडे वाकून पाहिलं, हात लावला, चटका बसला तसा मागे घेतला. मग नवऱ्याकडे पाहिलंही नाही, माझ्याशीच बोलल्या. ‘काय रे, एवढा वेळ लागते हिले तापाले?’

मी म्हणालो, हाव काकू, थंड असली की लागते.

‘मग थंड कावून होऊ देतं?’ त्या म्हणाल्या. ‘पुढच्या शनिवारी आमी येऊ तवा गरम पाहिजे. आमचं होईपर्यंत बंद कराची नाही. घूं घूं करते तर करू दे.’

साहेबांनी मान हलवली. दुसरं काही हलवायची सोय त्यांना नव्हती.

बायका पुन्हा फेराकडे गेल्या, या वेळी पोरं माझ्यापाशी ठेवून. नानाजी धुळीत फेकलेल्या तारेपाशी गेले. मला वाटलं, गुंडाळतील. त्यांनी ती उचलली, झटकली आणि टोक माझ्या हातात दिलं.

‘उभा काय रायला?’ ते म्हणाले. ‘दुसरा कर्णा त्या चरांकडे तोंड करून बांध.’